धूर की धुकं?

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)

गेल्या श्रावणातली गोष्ट. माझी आठ वर्षांची नात मुंबईहून आली होती. सुट्टीच्या दिवशी सकाळीच तिला घेऊन पांडवलेण्याला निघालो. महामार्गावर रिक्षातून उतरलो, तिने वर पाहिलं आणि माझा हात ओढला. "आजोबा, डोंगराला आग लागली! केवढा धूर आहे बघा!"

रात्रभर पाऊस झाला होता आणि डोंगराच्या खांद्यावर धुकं उतरलं होतं. मी हसून म्हणालो, "अगं, धूर नाही तो. धुकं आहे."

"तुम्हाला कसं कळलं?"

"पावसाळ्यात असंच असतं."

"म्हणजे पावसाळ्यात आग लागतच नाही?"

मी तीस वर्षं महाविद्यालयात तत्त्वज्ञान शिकवलं. तरी या प्रश्नाचं उत्तर मला चटकन देता आलं नाही. आम्ही पायऱ्या चढू लागलो. अर्ध्यावर गेल्यावर ते धुकं आमच्या अंगावर आलं. डोळे चुरचुरले नाहीत, जळका वास आला नाही, उलट तिच्या केसांवर बारीक थेंब जमले. तेव्हा ती आपणहून म्हणाली, "खरंच की, धुकंच आहे." आजोबा सांगतात म्हणून तिने ते मानलं नव्हतं. जवळ जाऊन पाहिलं आणि मग मानलं.

तत्त्वज्ञान म्हटलं की आपल्याकडे लोक हात जोडतात आणि चार पावलं मागे सरकतात. ब्रह्म, माया, मोक्ष असलं काही तरी जड ऐकावं लागणार अशी त्यांना भीती वाटते. पण या विषयाचा निम्मा भाग नातीच्या त्या एका प्रश्नात आहे. तुम्हाला कसं कळलं? हा प्रश्न घरात, देवळात, प्रयोगशाळेत आणि निवडणुकीच्या सभेत कसा विचारायचा, एवढंच आज सांगणार आहे.

स्वयंपाकघर आणि तळं

धूर आणि आग हे उदाहरण मी नातीकडून घेतलं असलं तरी ते फार जुनं आहे. गौतमाच्या न्यायसूत्रांपासून सुरू झालेल्या न्यायदर्शनाचं हे अगदी घरचं उदाहरण. डोंगरावर धूर दिसतो, म्हणून तिथे आग असली पाहिजे. हे अनुमान. पण नैयायिक तेवढ्यावर थांबत नाहीत. ते विचारतात, धूर तिथे आग, हे तुम्ही कुठे पाहिलंत? उत्तर मिळतं, स्वयंपाकघरात. मग पुढचा प्रश्न येतो. आग नाही तिथे धूरही नाही, हे कुठे पाहिलंत? उत्तर मिळतं, तळ्यात. पहिल्याला अन्वय म्हणतात, दुसऱ्याला व्यतिरेक.

आपण सगळे स्वयंपाकघराची उदाहरणं गोळा करण्यात पटाईत आहोत. तळ्याकडे मात्र सहसा कोणी जात नाही. मांजर आडवं गेलं आणि काम बिघडलं, हे वर्षानुवर्षं लक्षात राहतं. मांजर आडवं गेलं आणि काम झालं, मांजर नव्हतं तरी काम बिघडलं, हे दिवस आपण मोजतच नाही. मांजर बिचारं एकाच रकान्यात बसतं आणि दोषी ठरतं.

तेव्हा कुठल्याही समजुतीपुढे दोन प्रश्न ठेवायचे. पहिला, जो धूर दिसतोय तो खरोखर धूर आहे का, की धुकं आहे? दुसरा, असा धूर आगीशिवायही निघतो का? हिवाळ्यात पहाटे गंगापूर धरणाच्या पाण्यावरून वाफा निघताना ज्यांनी पाहिल्या आहेत, त्यांना हा दुसरा प्रश्न वेगळा समजावून सांगायला नको.

डोंगराचं नाव

त्या दिवशी लेण्यांत पोचल्यावर नातीने पुढचा प्रश्न टाकला. "पांडव इथे राहायचे का?" आमच्या लहानपणी आम्हाला तसंच सांगितलं होतं. भीमाने एका रात्रीत लेणी कोरली, असंही कोणी सांगे. सगळे म्हणतात, नावही तेच आहे, मग शंका कशाला घ्यायची?

पण या चोवीस लेण्यांच्या भिंतींवर लेख कोरलेले आहेत. लिपी ब्राह्मी, भाषा प्राकृत. क्षत्रप नहपानाचा जावई उषवदात दहाव्या लेण्यात सांगतो की हे लेणं त्याने बौद्ध भिक्षूंसाठी करवलं. एवढंच करून तो थांबला नाही. गोवर्धन इथल्या विणकरांच्या श्रेणींकडे त्याने तीन हजार कार्षापण ठेव ठेवली. त्यांतल्या दोन हजारांवर दरमहा शेकडा एक आणि एक हजारावर दरमहा शेकडा पाऊण व्याज मिळायचं. त्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रांची आणि खर्चाची सोय होती. तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीची आई गौतमी बलश्री हिच्या दानाचा लेख आहे. एका लेण्याचा दाता तर यवन आहे. पांडवांचा उल्लेख दात्यांमध्ये कुठेही नाही. डोंगराचं जुनं नाव त्रिरश्मी, तेही या लेखांतूनच कळतं.

दुसऱ्याच्या सांगण्यावरून आपल्याला जे कळतं त्याला न्यायशास्त्र शब्दप्रमाण म्हणतं आणि त्याला ज्ञानाचं साधन मानतं. ते मानावंच लागतं. माझी जन्मतारीखसुद्धा मला आईच्या सांगण्यावरूनच कळली. प्रश्न एवढाच, की शब्द कोणाचा मानायचा? आप्ताचा. आणि आप्त म्हणजे नातेवाईक नव्हे. ज्याला ती गोष्ट स्वतःला माहीत आहे आणि जो ती जशीच्या तशी सांगू इच्छितो, तो आप्त. न्यायसूत्रांचा भाष्यकार वात्स्यायन पुढे स्पष्ट करतो की हे लक्षण ऋषी, आर्य आणि म्लेच्छ या सर्वांना सारखंच लागू आहे. शब्दाचं वजन सांगणाऱ्याच्या जन्मावरून ठरत नाही, त्याला माहीत आहे की नाही यावरून ठरतं. विणकरांच्या ठेवीचा हिशेब दगडात कोरणारा उषवदात या बाबतीत आप्त आहे. "सगळे म्हणतात" यातले सगळे आप्त नाहीत, कारण त्यांतल्या कोणालाच स्वतःला माहीत नाही. प्रत्येकाने दुसऱ्याकडून ऐकलेलं असतं.

आजच्या मोबाइलवर फिरणाऱ्या निरोपांना हीच कसोटी लावा. "नासाने सिद्ध केलं आहे" अशी सुरुवात असली की आपण मान डोलवतो. पूर्वी 'शास्त्रात सांगितलंय' म्हणत, आता 'विज्ञानाने सांगितलंय' म्हणतात. दोन्ही वेळा विचारायचं तेच. कोणत्या शास्त्रात? कोणी पाहिलं? कसं कळलं?

चमच्यातलं दूध

२१ सप्टेंबर १९९५, गुरुवार. गणपती दूध पितो ही बातमी सकाळी दिल्लीकडून निघाली आणि दुपारपर्यंत देशभर पसरली. परदेशातल्या देवळांतही रांगा लागल्या. तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक असलेला मीही पंचवटीत एका देवळापुढे वाटी-चमचा घेऊन उभा होतो. हे मी आजवर फारसं कोणाला सांगितलेलं नाही. माझा नंबर आला, चमचा सोंडेला लावला आणि दूध खरोखरच कमी झालं. अंगावर काटा आला.

दुसऱ्या दिवशी शिक्षकांच्या खोलीत मी जोरात सांगितलं, "मी डोळ्यांनी पाहिलंय." पदार्थविज्ञान शिकवणाऱ्या माझ्या सहकाऱ्याने शांतपणे विचारलं, "काय पाहिलंस?" मी म्हणालो, "गणपती दूध प्यायला." तो म्हणाला, "नाही. चमचा रिकामा झाला, हे तू पाहिलंस." मग त्याने टेबलावरची चिनी मातीची बाहुली घेतली, दुधात चिमूटभर कुंकू कालवलं आणि भरलेला चमचा बाहुलीच्या ओठांना टेकवला. दूध ओढलं गेलं आणि लाल ओघळ हनुवटीवरून खाली गळ्यापर्यंत आला. द्रवाच्या पृष्ठताणामुळे दूध ओल्या पृष्ठभागाकडे ओढलं जातं आणि पातळ थराने खाली उतरतं. पांढऱ्या दुधाचा पातळ थर दगडावर किंवा संगमरवरावर दिसत नाही, रंगीत दुधाचा दिसतो. दिल्लीतल्या सरकारी शास्त्रज्ञांनीही रंगीत दूध वापरूनच हे दाखवलं होतं.

चमचा रिकामा होणं हे प्रत्यक्ष. गणपतीने पिणं हे अनुमान. मी दोन्हींची मोट बांधली आणि सगळ्याला 'डोळ्यांनी पाहिलं' म्हटलं. आपण दिवसातून कितीदा हे करतो! सून बोलली नाही, हे पाहिलेलं. सून रागावली आहे, हे अनुमान. तिचा दात दुखत असू शकतो.

दहा तासांचा मंगळ

आता जरा दुखऱ्या गोष्टीकडे येतो. माझी थोरली बहीण सिन्नरला असते. तिची मुलगी, म्हणजे माझी भाची, इंजिनिअर. तिच्यासाठी एक स्थळ आलं होतं. मुलगा चांगला, माणसं सरळ, दोघं एकमेकांना भेटली आणि दोघांनाही पसंत होतं. पत्रिका पाहिल्या तर मुलाला मंगळ निघाला, भाचीला नव्हता. ताईने नकार कळवला. भाची काही बोलली नाही, पण पुढचे कितीतरी दिवस ती जेवायला सगळ्यांबरोबर बसत नव्हती.

मला हे कळलं तेव्हा मी सिन्नरला गेलो आणि ताईला चांगलं तासभर सुनावलं. तिला सगळा हिशेब मांडून दाखवला. तो हिशेब असा. कुंडलीत बारा घरं. मंगळ पहिल्या, चौथ्या, सातव्या, आठव्या किंवा बाराव्या घरात असला की मंगळाची पत्रिका म्हणतात. पृथ्वी स्वतःभोवती चोवीस तासांत एक फेरी पूर्ण करते, त्यामुळे कोणताही ग्रह एका दिवसात या बाराही घरांतून फिरून येतो. म्हणजे एका घराच्या वाट्याला साधारण दोन तास. पाच घरांचे दहा तास. याचा अर्थ रोज चोवीसपैकी सुमारे दहा तासांत जन्मलेल्या सगळ्या बाळांना मंगळ असतो. शंभरातली चाळीसेक माणसं! एवढ्या माणसांच्या संसाराला जर खास धोका असता, तर तो पाहायला पत्रिका कशाला लागली असती? गल्लीतून एक फेरी मारली असती तरी दिसला असता.

त्यातून परिहार आहेतच. मंगळ अमुक राशीत असला तर दोष नाही, गुरूची दृष्टी असली तर नाही, दोघांनाही असला तर नाही. म्हणजे संसार मोडला तर मंगळामुळे आणि टिकला तर परिहारामुळे. ज्या विधानाला कोणतीही घटना खोटं पाडू शकत नाही, ते विधान फार बळकट आहे असं आपल्याला वाटतं. विसाव्या शतकात कार्ल पॉपर या तत्त्वज्ञाने नेमकं उलट दाखवलं. काहीही घडलं तरी जे खरंच ठरतं, ते जगाबद्दल काहीच सांगत नसतं. उद्या पाऊस पडेल किंवा पडणार नाही, हे वाक्य कधीच खोटं ठरत नाही, आणि त्यावरून छत्री घ्यायची की नाही हेही कळत नाही.

हे सगळं मी ताईला ऐकवलं. माझ्या तर्कात चूक नव्हती. ताई निरुत्तर झाली. मी विजयी मुद्रेने नाशिकला परतलो आणि त्यानंतर चार महिने तिने माझा फोन घेतला नाही. ते स्थळही तोवर हातचं गेलं. त्या मुलाचं लग्न ठरलं. या प्रसंगाकडे शेवटी परत येऊ, कारण त्यात माझीही एक चूक होती, आणि ती तर्काची नव्हती.

नारळीकरांची कसोटी

मग अशा समजुतींची परीक्षा घ्यायची तरी कशी? महाराष्ट्रातच याचं एक नमुनेदार उदाहरण घडलं आहे. २००८ मध्ये खगोलशास्त्रज्ञ डॉ. जयंत नारळीकर, संख्याशास्त्रज्ञ सुधाकर कुंटे, अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे डॉ. नरेंद्र दाभोलकर आणि फलज्योतिषाचे अभ्यासक प्रकाश घाटपांडे यांनी मिळून एक चाचणी घेतली. दोनशे मुलांच्या जन्मवेळा जमवल्या. त्यांतली शंभर मुलं शाळेत हुशार ठरलेली आणि शंभर बौद्धिक अक्षमता असलेली. सर्वांच्या कुंडल्या तयार केल्या आणि ज्योतिषांना जाहीर आवाहन केलं. प्रत्येकाला चाळीस कुंडल्या पाठवायच्या आणि त्याने एवढंच सांगायचं की मूल कोणत्या गटातलं.

सत्तावीस ज्योतिषांनी उत्तरं पाठवली. त्यांची बरोबर उत्तरं सरासरी शेकडा ४६ च्या आसपास होती. एका संस्थेने दोनशेच्या दोनशे कुंडल्या तपासल्या, त्यांतल्या १०२ बरोबर आल्या. नाणं उडवून छापा-काटा केला असता तरी साधारण निम्मी उत्तरं बरोबर आलीच असती. हे निष्कर्ष २००९ मध्ये 'करंट सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाले.

या चाचणीचं मला कौतुक वाटतं ते तिच्या निकालापेक्षा तिच्या रचनेमुळे. दोन्ही गट सारख्या संख्येचे होते, म्हणजे स्वयंपाकघरही होतं आणि तळंही. उत्तर आधी कोणाला माहीत नव्हतं. आणि काय घडलं तर ज्योतिष बरोबर, काय घडलं तर चूक, हे आधीच ठरलं होतं. ज्योतिषांना जास्त उत्तरं बरोबर देता आली असती, तर नारळीकरांना ते जाहीर करावं लागलं असतं. स्वतः हरण्याची शक्यता ठेवून खेळणं, याला मी वैज्ञानिक वृत्ती म्हणतो. प्रयोगशाळेचा पांढरा कोट घातला म्हणून ती येत नाही.

प्रामाणिकपणाने हेही सांगितलं पाहिजे की ही चाचणी बुद्धिमत्तेची होती, विवाहाची नव्हती. कोणी म्हणेल, बुद्धी कळत नसेल पण संसार कळतो. ठीक आहे. मग त्याची अशीच चाचणी कशी घ्यायची आणि कोणता निकाल आपण हार म्हणून मान्य करू, हे तसं म्हणणाऱ्याने सांगावं. एवढं मागणं उद्धटपणाचं नाही.

या चौघांपैकी दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात सकाळी फिरायला गेले असताना गोळ्या घालून हत्या झाली. 'कसं कळलं?' असं विचारणं आपल्याकडे अजूनही किती जड जाऊ शकतं, हे त्या दिवशी साऱ्या महाराष्ट्राला कळलं.

पूर्वापार नावाचं धुकं

आतापर्यंत मी ज्या समजुती सांगितल्या त्या अमुक आहे किंवा नाही अशा प्रकारच्या होत्या. धर्माच्या बाबतीत सगळंच असं मोजता येत नाही. रामकुंडावर पहाटे उभं राहून एखाद्याला शांत वाटत असेल, तर त्याच्याकडे मी कुठला पुरावा मागू? ते त्याचं त्याला कळतं आणि तेवढं पुरे आहे. प्रश्न तेव्हा सुरू होतो, जेव्हा श्रद्धा म्हणते की अमुक केलं तर तमुक घडेल. आणि तो फार मोठा होतो, जेव्हा ती दुसऱ्या माणसाला म्हणते की तू आत यायचं नाहीस.

रामकुंडापासून चालत पाच-दहा मिनिटांवर काळाराम मंदिर आहे. २ मार्च १९३० रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या नेतृत्वाखाली तिथे मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला. हजारो स्त्री-पुरुष शिस्तीने चालत मंदिरापर्यंत आले. मंदिराचे दरवाजे बंद ठेवले होते. दादासाहेब गायकवाडांनी आणि इथल्या कार्यकर्त्यांनी हा लढा अनेक वर्षं नेटाने चालवला. रामनवमीच्या रथावरून मारहाण झाली, माणसं तुरुंगात गेली, दरवाजा उघडला नाही.

हा वाद प्रयोगशाळेत सुटणारा नव्हता. देवळात कोणी जावं, हे कुठल्याही दुर्बिणीतून दिसत नाही. म्हणून काही जण म्हणतात की अशा प्रश्नांत तर्काचं काम नाही, ज्याची त्याची भावना. मला हे पटत नाही. दरवाजा बंद ठेवणाऱ्यांनीही कारणं दिलीच होती, आणि जिथे कारण दिलं जातं तिथे ते तपासता येतं.

मुख्य कारण एकच होतं. पूर्वापार असंच चालत आलं आहे. याला आपले दोन प्रश्न लावू. पूर्वापार चालत आलं होतं, हे खरंच होतं. पण जे पूर्वापार चालतं ते योग्यच असतं का? सती जाण्याची चालही जुनीच होती, ती १८२९ मध्ये कायद्याने बंद झाली. विधवांचं केशवपनही जुनंच होतं, आगरकरांनी त्यावर कोरडे ओढले तेव्हा त्यांनाही हेच ऐकवलं गेलं. चांगल्या चाली जुन्या आहेत आणि वाईट चालीही जुन्या आहेत. जो हेतू दोन्हीकडे सापडतो, त्याला न्यायशास्त्रात सव्यभिचार म्हणतात. त्याने काहीच सिद्ध होत नाही. अठराव्या शतकातला स्कॉटिश तत्त्वज्ञ डेव्हिड ह्यूम याने हीच गोष्ट दुसऱ्या वाटेने दाखवली होती. 'असं आहे' म्हणता म्हणता माणसं 'असंच असावं' यावर कधी उडी मारतात, ते त्यांचं त्यांनाही कळत नाही.

आणखी एक विसंगती होती. लोकसंख्या मोजताना ही माणसं हिंदू, दर्शनाच्या वेळी मात्र बाहेरची. दोन्ही एकाच वेळी कसं खरं असेल? आंबेडकरांनी या विसंगतीचा शेवटपर्यंत पाठपुरावा केला. १३ ऑक्टोबर १९३५ रोजी आपल्याच जिल्ह्यातल्या येवल्यात त्यांनी जाहीर केलं की हिंदू म्हणून जन्माला येणं त्यांच्या हाती नव्हतं, पण हिंदू म्हणून ते मरणार नाहीत. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूरला त्यांनी बौद्ध धम्म स्वीकारला. कालाम नावाच्या लोकांना बुद्धाने दिलेला उपदेश प्रसिद्ध आहे. परंपरा आहे म्हणून, ग्रंथात आहे म्हणून, सांगणारा आपला गुरू आहे म्हणून एखादी गोष्ट मानू नका, असा त्याचा आशय आहे. त्रिरश्मीच्या पायथ्याशी आज बुद्ध स्मारक आहे. ज्या डोंगराला आपण पांडवांचं नाव दिलं, त्याची खरी ओळख अशी हळूहळू परत आली.

वाद, जल्प आणि कांदा

राजकारणात तर धुक्याचीच शेती असते. नाशिक जिल्ह्यातल्या माणसाला कांद्याचं उदाहरण सगळ्यांत जवळचं. लासलगावला भाव पडला की एका बाजूचे लोक म्हणतात, हे सरकारमुळे. दुसऱ्या बाजूचे म्हणतात, सरकारचा काय संबंध, आवक वाढली. भाव चढला की दोघंही आपापली वाक्यं बदलून घेतात. प्रत्यक्षात भावामागे लागवड किती झाली, अवकाळी पाऊस कधी आला, चाळीत उन्हाळ कांदा किती सडला, निर्यात चालू होती का, अशी अनेक कारणं एकत्र असतात. एकाच कारणाकडे बोट दाखवणाऱ्याला विचारायचं, हे कारण नसतानाही भाव कधी पडला होता का?

दुसरी एक कसोटी मी स्वतःला लावतो. विधानातलं पक्षाचं नाव झाकायचं. कांद्याची निर्यातबंदी केंद्राने २०१० च्या डिसेंबरात केली, २०१९ आणि २०२० च्या सप्टेंबरात केली, २०२३ च्या डिसेंबरात केली. यांतली पहिली एका आघाडीच्या राजवटीत, बाकीच्या दुसऱ्या आघाडीच्या. एका वेळची बंदी शेतकऱ्यांच्या मुळावर उठलेली आणि दुसऱ्या वेळची ग्राहकांच्या हिताची, असं जर मी म्हणत असेन, तर दोन वेळांत कांद्याचा काय फरक होता ते मला सांगता आलं पाहिजे. नाही सांगता आलं, तर मी कांद्याबद्दल बोलत नव्हतो, माझ्या पक्षाबद्दल बोलत होतो. ही कसोटी लावल्यावर माझी कितीतरी ठाम मतं मला गिळावी लागली आहेत.

न्यायशास्त्रात चर्चेचे तीन प्रकार सांगितले आहेत. खरं काय ते दोघांनी मिळून शोधणं, हा वाद. काहीही करून जिंकणं, हा जल्प. आणि स्वतःची बाजू न मांडता फक्त समोरच्याची मोडून काढणं, ही वितंडा. आज वाद हा शब्द आपण भांडणासाठी वापरतो, आणि दूरचित्रवाणीवर रात्री जे चालतं त्याला चर्चा म्हणतो.

आता ताईकडे येतो. त्या दिवशी सिन्नरला मी जे केलं तो जल्प होता. माझी प्रत्येक पायरी बरोबर होती, पण ताईला कशाची भीती वाटते हे मी एकदाही विचारलं नाही. चार महिन्यांनी दिवाळीला ती आली तेव्हा मी गप्प राहायचं ठरवलं होतं. तीच म्हणाली, "तुला वाटतं मी अडाणी आहे." मी म्हणालो, "नाही ताई. पण तुला नेमकं कशाचं भय वाटतं, ते सांग." ती बराच वेळ बोलली. आमच्या एका आत्याच्या नवऱ्याला मंगळ होता आणि आत्या लग्नानंतर दोन वर्षांत गेली, ते तिने लहानपणी पाहिलं होतं. हे मला ठाऊकही नव्हतं.

मग मी विचारलं, "आपण बाकीच्यांचंही पाहू या का?" ताईकडे घरातल्या जुन्या पत्रिकांची पत्र्याची पेटी आहे. दोन संध्याकाळी बसून आम्ही नात्यातल्या सोळा जोडप्यांची यादी केली. ज्यांच्यात एकाला मंगळ आणि दुसऱ्याला नाही, अशी सात निघाली. त्यांतल्या पाचांचे संसार चांगले, दोघांचे नाहीत. उरलेल्या नऊंपैकी सहांचे चांगले, तिघांचे नाहीत. पहिल्या सातांत आमचे आई-वडीलही होते. त्यांनी बावन्न वर्षं संसार केला. सोळा जोडप्यांवरून शास्त्र सिद्ध होत नाही, हे मी ताईला सांगितलं. ती म्हणाली, "तुझं शास्त्र राहू दे. एका आत्यावरून मी इतकी वर्षं घाबरत होते, एवढं मला कळलं." थोड्या वेळाने पेटी बंद करताना ती म्हणाली, "तो मुलगा चांगला होता रे." यावर माझ्याकडे काही उत्तर नव्हतं. भाचीच्या पुढच्या स्थळांच्या वेळी ताईने पत्रिका मागितली नाही.

'कसं कळलं?' हा प्रश्न काठीसारखाही वापरता येतो आणि कंदिलासारखाही. मी आधी काठी उगारली, आणि तेवढ्यात चार महिने गेले, एक स्थळ गेलं. कंदील धरला तेव्हा ताई स्वतःच चालत पुढे गेली.

आता या भाषणालाही ते दोन प्रश्न विचाराच. मी सांगितलं म्हणून काही मानू नका. पांडवलेणी नाशिकच्या बसस्थानकापासून आठ-नऊ किलोमीटरवर आहेत. मंगळाचा हिशेब कागद-पेन्सिल घेऊन घरी करता येतो. दुधाचा प्रयोग स्वयंपाकघरात करता येतो, फक्त कुंकू घालायला विसरू नका. आणि माझं काही चुकलेलं आढळलं तर जरूर कळवा. आठ वर्षांच्या नातीने चुका दाखवायला सुरुवात केल्यापासून मला त्याची सवय झाली आहे.